पाठीशी उभे राहायचे म्हणजे नेमके काय करायचे?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावरचे फुटबॉल सामन्यांचे वृत्तांत आम्ही नेमाने वाचतो. एखादा संघ लागोपाठ हरू लागला की त्यात दोन वाक्ये हमखास येतात: ‘खेळाडूंचा आत्मविश्वास खचला आहे’ आणि ‘प्रशिक्षकाने त्यांच्या पाठीशी उभे राहायला हवे’. दोन्ही खरी असतात. पण पाठीशी उभे राहायचे म्हणजे सरावात, सामन्यात, मध्यांतराच्या पंधरा मिनिटांत नेमके काय करायचे, हे कुठेच वाचायला मिळत नाही. मग नव्याने शिकवू लागलेल्यांचा समज असा होतो की पाठबळ म्हणजे पाठीवर थाप, टाळ्या आणि ‘घाबरू नकोस, मी आहे’. फुटबॉल शिकवणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत, कारण या समजापायी चांगले खेळाडू वाया जातात.

चूक झाल्यावर प्रशिक्षक आपल्याशी कसा वागेल हे खेळाडूला आधीपासून ठाऊक असते, तेव्हाच त्याला पाठबळ आहे असे म्हणता येते. प्रशिक्षक कडक असला तरी खेळाडू त्याच्याशी जुळवून घेतात. लहरी प्रशिक्षकाशी कुणालाच जुळवून घेता येत नाही. आज चुकीच्या पासवर हसणारा आणि उद्या त्याच पासवर संतापणारा माणूस समोर असला की खेळाडू चेंडूकडे बघायचे सोडून त्याच्या चेहऱ्याकडे बघू लागतो.

१९८२ च्या विश्वचषकातला इटलीचा पाओलो रॉसी जुन्या रसिकांना आठवत असेल. सामन्यांचे निकाल आधीच ठरवण्याच्या (मॅच फिक्सिंगच्या) प्रकरणात त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली होती. ती संपली तेव्हा इटलीतल्या हंगामाचे जेमतेम तीन सामने उरले होते. तरीही इटलीचे प्रशिक्षक एन्झो बेअरझोट यांनी त्याला संघात घेतले. पहिल्या फेरीचे तिन्ही सामने बरोबरीत सुटले, रॉसीचा गोल नाही. अर्जेंटिनाला २–१ हरवले, त्यातही नाही. इटलीतली वृत्तपत्रे तुटून पडली होती. पाचव्या सामन्यात ब्राझीलविरुद्ध त्याने तिन्ही गोल केले, उपांत्य सामन्यात पोलंडवर दोन, अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीवर पहिला. एकूण सहा, स्पर्धेत सर्वाधिक. ही गोष्ट ‘विश्वास ठेवला म्हणून झाले’ अशी सांगितली जाते, पण तिच्यातला कामाचा भाग पुढे आहे. बेअरझोट यांना रॉसी नवा नव्हता. १९७८ च्या विश्वचषकात त्यांच्याच हाताखाली त्याने तीन गोल केले होते, त्यामुळे तो काय करू शकतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. शिवाय पेरूविरुद्धच्या सामन्यात त्यांनी त्याला मध्यांतरालाच बाहेर काढले आणि पुढच्या सामन्यात पुन्हा पहिल्या अकरात उभे केले. बाहेर काढले म्हणजे विश्वास उडाला असे नाही, हे खेळाडूला त्यातून कळते. पाठबळ आणि संघातली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की बाकीचे सगळे बिघडते.

आता मैदानावर येऊ, आणि आधी टचलाइनवर, म्हणजे प्रशिक्षक उभा असतो त्या मैदानाच्या कडेच्या रेषेवर, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. चेंडू पायाशी आला की प्रतिस्पर्धी अंगावर येईपर्यंत खेळाडूला एक-दोन सेकंद मिळतात. बाहेरून ‘पास दे’, ‘मार’, ‘वळ’ असे शब्द येईपर्यंत त्याचा निर्णय झालेला असतो. तो निर्णय अर्धवट सोडून तो बाहेरचे ऐकू गेला की चेंडू जातो, आणि न ऐकता चुकला तर ‘सांगत होतो ना’ हे ऐकावे लागते. काही आठवडे असे चालले की चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागे नजर टाकण्याची त्याची सवय मोडते आणि नजर टचलाइनकडे वळते. म्हणून नियम साधा ठेवावा. ज्याच्या पायाशी चेंडू आहे त्याला काहीही सांगायचे नाही. सांगायचेच तर चेंडूपासून दूर असलेल्याला, नाव घेऊन, दोन-तीन शब्दांत, आणि फक्त जागेबद्दल: ‘पाच मीटर आत’, ‘मागची बाजू मोकळी’.

हे पाळणे बोलण्याइतके सोपे नाही. आपण किती आणि काय बोलतो याचा बहुतेक प्रशिक्षकांना अंदाजच नसतो. सहायकाच्या हातात एक कागद द्यावा, त्यावर तीन रकाने आखावेत: सूचना, प्रोत्साहन, राग. एका अर्ध्या डावाच्या ४५ मिनिटांत प्रत्येक हाकेची एक रेघ. गोल खाल्ल्यानंतरच्या दहा मिनिटांच्या रेघा वेगळ्या शाईने माराव्यात, कारण सुरुवातीला संयम सगळेच पाळतात, तो सुटतो तो त्या दहा मिनिटांत. न बोललेलेही मोजावे: हात झटकणे, पाठ फिरवणे, पाण्याची बाटली आपटणे आणि चूक होताच राखीव बाकाकडे वळून पाहणे. शेवटची गोष्ट मैदानावरच्या अकराही जणांना दिसते, आणि ज्याची चूक झाली त्याला तर सर्वांत आधी.

चुकीनंतर लगेच खेळाडू बदलणे हाही असाच घाव आहे. दुखापत नसेल किंवा दुसऱ्या पिवळ्या कार्डाचा धोका नसेल, तर चुकीनंतर निदान दहा मिनिटे त्याला मैदानावर राहू द्यावे. अडचण अशी येते की ६० व्या मिनिटाला बदल आधीच ठरलेला असतो आणि ५८ व्या मिनिटाला त्याच्या पायातून चेंडू निसटून गोल होतो. अशा वेळी बदल पाच-सात मिनिटे पुढे ढकलावा. तेही शक्य नसेल तर तो बाहेर येताच चार पावले पुढे जाऊन ‘बदल आधीच ठरला होता’ हे सांगावे. ते खरे असेल तरच. खरे नसेल तर गप्प राहावे. खेळाडूला लगेच कळते, आणि एकदा खोटे पकडले गेले की पुढची दहा खरी वाक्ये फुकट जातात.

आत्मविश्वास गेला हे ओळखायचे कशावरून? चेहऱ्यावरून नव्हे. पडलेला चेहरा बरेच जण लपवतात, पाय लपवता येत नाहीत. मधल्या फळीतला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला उभा राहू लागतो, म्हणजे त्याच्याकडे पास येऊच शकत नाही. लांबून तो मेहनत करताना दिसतो, प्रत्यक्षात लपलेला असतो. पहिला स्पर्श पुढे न जाता मागे जाऊ लागतो. विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, समोरच्या बचावपटूला भिडायचे सोडून दर वेळी मागच्याला चेंडू देतो. स्ट्रायकर, म्हणजे सर्वांत पुढचा आक्रमक, गोलसमोर असूनही पास शोधतो. गोलरक्षक गोलरेषा सोडत नाही, झेलण्याजोगा चेंडूही मुठीने लोटतो आणि जवळचा बचावपटू मोकळा असताना लांब किक मारतो. संघात बोलणारा खेळाडू मुका होतो. यातली दोन लक्षणे लागोपाठ दोन सामन्यांत दिसली तर कामाला लागावे. चार सामने वाट पाहिली तर त्या सवयी होऊन बसतात.

कामाला लागायचे म्हणजे भाषण द्यायचे नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या भावनेचे चार उगम मांडले: स्वतः करून दाखवलेले काम, आपल्यासारख्याला ते करताना पाहणे, दुसऱ्याने दिलेला भरवसा आणि शरीराची त्या वेळची अवस्था. यातला पहिला सर्वांत जोरकस. शब्दांनी दिलेला भरवसा हाती पुरावा नसेल तर पहिल्याच अपयशात विरतो. म्हणून प्रशिक्षकाचे खरे काम खेळाडूला पुरावा गोळा करून देणे हे आहे.

गोल न होणाऱ्या स्ट्रायकरचे उदाहरण घेऊ. आठवड्यातून तीनदा, सरावानंतर १५ मिनिटे, एकूण ३० फटक्यांच्या वर नाही. पहिले आठ-दहा फटके १० ते १२ मीटरवरून, चालत्या चेंडूवर, एका स्पर्शात, गोलरक्षक नसताना. लक्ष्य फक्त दोन्ही खालचे कोपरे. पुढचे दहा गोलरक्षकासह. शेवटचे दहा मागून दोन मीटरवर धावत येणाऱ्या बचावपटूसह, सामन्याच्या वेगाने. दहातले सहा-सात यशस्वी होतील अशी अडचण ठेवावी. नऊ जाऊ लागले तर बचावपटू एक मीटर पुढे आणावा, चारच्या खाली आले तर मागे न्यावा. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, खेळाडूला बरे वाटावे म्हणून काम फार सोपे ठेवले जाते. त्याला ते कळते आणि आपल्याला सांभाळून घेतले जात आहे ही भावना उरलासुरला धीरही घालवते. दुसरी, सामन्याच्या आदल्या दिवशी पन्नास-साठ फटके मारून घेतले जातात. मांड्या जड होतात आणि दुसऱ्या दिवशी फटके आडवेतिडवे जातात. या काळात सामन्यात त्याचे गोल मोजूच नयेत. गोलक्षेत्रात तो किती वेळा योग्य जागी पोहोचला आणि किती फटके गोलच्या चौकटीत गेले, एवढेच मोजून दाखवावे. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच चौकटीत चेंडू जात राहिला तर गोल व्हायचे तेव्हा होतील.

कौतुकाचेही असेच आहे. ‘शाबास’, ‘मस्त’, ‘क्या बात है’ हे कानाला गोड लागते, पण उद्या पुन्हा काय करायचे ते त्यातून कळत नाही. ‘चेंडू येण्याआधी तू दोनदा मागे पाहिलेस, म्हणून वळायला जागा मिळाली’ हे वाक्य खेळाडू घरी घेऊन जातो. नेमके काय केले, त्याने काय साधले, एवढे दोन भाग कौतुकात असावेत. आणि ते निकालाला बांधू नये. उजव्या पायाने मारायचा चेंडू डाव्याने मारून गोल झाला तर गोलाचा आनंद करावा, पण चूक झाकू नये. निर्णय बरोबर होता आणि चेंडू खांबाला लागला, तर त्या निर्णयाचे कौतुक सर्वांसमोर करावे. संघाला प्रशिक्षकाची खरी मोजपट्टी तिथे दिसते.

मुलांच्या बाबतीत याचा परिणाम मोजला गेलेला आहे. अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना कसे वागावे, कसे बोलावे याचे छोटे प्रशिक्षण देऊन केलेला अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या हाताखालच्या मुलांपैकी पुढच्या हंगामात सुमारे ५ टक्के मुलांनी खेळ सोडला, प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या हाताखालच्या सुमारे २६ टक्के मुलांनी. खेळ बेसबॉलचा असला तरी मूल तेच. आणि या कामाचा सर्वाधिक फायदा झाला तो स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्या मुलांना.

दर आठवड्याला वही काढून बघावी अशी एक गोष्ट आहे. संघात २२ खेळाडू असतील तर त्यातल्या सहा-सात जणांशीच प्रशिक्षकाचे बोलणे होते: जे सर्वांत चांगले खेळतात आणि जे सर्वांत त्रास देतात. मधले पंधरा जण महिनोन्‌महिने एक वाक्य न ऐकता सराव करून घरी जातात. वहीत बावीस नावे लिहून ज्याच्याशी त्या आठवड्यात दोन मिनिटे एकट्याने बोलणे झाले त्याच्यापुढे खूण करावी. एका सरावात पाच-सहा जण, पाण्याच्या वेळेत किंवा बूट घालताना. तीन प्रश्न पुरतात: या आठवड्यात काय चांगले जमले, काय अडते आहे, माझ्याकडून काय हवे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोन-तीन वेळा ‘काही नाही’ असेच येते. तिथे सोडून देऊ नये. चौथ्या वेळी खरे उत्तर येते, आणि ते आले की त्यातली एक तरी गोष्ट आठ दिवसांत करून दाखवावी. वही न ठेवता हे सगळे लक्षात राहील असे ज्यांना वाटते, त्यांच्या यादीत तेच ते सहा-सात जण उरतात.

संघातून वगळणे हा पाठबळाचा सर्वांत कठीण प्रसंग. इथे बहुतेक प्रशिक्षक पळ काढतात, यादी भिंतीवर लावतात किंवा मोबाइलच्या ग्रुपवर टाकतात. ज्याला वगळायचे त्याला यादी जाहीर होण्याआधी, समोरासमोर सांगितले पाहिजे. बोलणे पाच मिनिटांत संपावे आणि त्यात तीन गोष्टी याव्यात: खेळाच्या भाषेतले कारण, परत येण्यासाठी मैदानावर काय दिसले पाहिजे, आणि पुन्हा विचार कधी होईल. ‘चेंडू गेल्यावर तू मागे येत नाहीस. पुढच्या तीन आठवड्यांत सरावसामन्यांत ते दिसू दे, मग आपण पुन्हा बसू.’ बस. ‘तू खेळतोस छानच, पण संघाच्या हितासाठी...’ असली वाक्ये टाळावीत, त्यातून हाती काहीच लागत नाही. जागा परत मिळेलच असे वचन देऊ नये. ठरलेल्या दिवशी मात्र न चुकता बसावे, खेळाडू विसरला असला तरी.

२०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांनी कोस्टारिकाविरुद्ध शूटआउटच्या (बरोबरीनंतर पेनल्टींवर निकाल लावण्याच्या) तोंडावर गोलरक्षक यास्पर सिलेसनला काढून टिम क्रुलला आणले. क्रुलने दोन पेनल्टी अडवल्या आणि सामना जिंकला. क्रुलला याची कल्पना आधी दिलेली होती, सिलेसनला नव्हती, आणि बाहेर येताना त्याचा संताप सगळ्यांनी पाहिला. पूर्ण सामन्यात त्याचे मन विचलित होऊ नये हा व्हॅन गाल यांचा हेतू समजण्यासारखा आहे. तरीही आमचे मत वेगळे आहे. असा बदल संभवत असेल तर तो दोघांनाही स्पर्धेच्या सुरुवातीला, सामना कोणता हे न सांगता, सांगून ठेवावा. धक्का मग धक्का राहत नाही, ती भूमिका होते.

राखीव खेळाडूंबद्दल वृत्तपत्रांत जवळजवळ काहीच येत नाही. कोविडच्या काळात तात्पुरते आलेले पाच बदल २०२२ पासून नियमात कायम झाले आहेत, म्हणजे गोलरक्षक सोडून मैदानावरच्या दहा खेळाडूंपैकी निम्मे बदलता येतात. मग बाकावर बसलेल्यांना सामन्याबाहेरचे समजून कसे चालेल? मध्यांतरापर्यंत त्यांना कळलेले असावे की कुणाला कोणत्या परिस्थितीत आत पाठवणार आणि आत गेल्यावर पहिले काम काय. अर्धा तास टचलाइनवर धावायला लावून शेवटी न खेळवणे हा अपमान वाटतो. ते टाळता आले नाही तर त्याच दिवशी कारण सांगावे. कोणी किती मिनिटे खेळले याची नोंद ठेवावी, कारण खेळाडू ती मनात ठेवतच असतात. सामना संपल्यावर ज्यांना २० मिनिटांपेक्षा कमी खेळायला मिळाले, त्यांचा तिथेच १५–२० मिनिटांचा चार विरुद्ध चार असा वेगवान सराव घ्यावा, आणि तो सहायकावर न सोडता मुख्य प्रशिक्षकाने स्वतः उभे राहून घ्यावा.

पेनल्टीचा विषय निघालाच आहे तर थोडे अधिक. २०२० च्या युरो स्पर्धेचा लांबलेला अंतिम सामना ११ जुलै २०२१ रोजी झाला. त्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या. साका तेव्हा १९ वर्षांचा होता. पहिले दोघे जादा वेळेच्या अगदी शेवटी मैदानात आले होते. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी लगेच सांगितले की पेनल्टी कोण घेणार हा निर्णय माझा होता आणि जबाबदारीही माझी. १९९६ च्या युरोत उपांत्य सामन्यात स्वतः पेनल्टी हुकवलेला हा माणूस. त्या रात्रीनंतर तिन्ही खेळाडूंवर वर्णद्वेषी गरळ ओकली गेली. साका संघात राहिला, २०२२ च्या विश्वचषकात त्याने तीन गोल केले, आणि २०२४ च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध ८० व्या मिनिटाला बरोबरीचा गोल करून नंतर शूटआउटमध्ये पेनल्टीही मारली. जबाबदारी घेण्याचे ते वाक्य मोलाचे आहे ते खरे होते म्हणून. निवड खरोखरच प्रशिक्षकाची होती.

अशा वेळेची तयारी मात्र आधी करावी लागते. पेनल्टी मारणाऱ्या पाचांची नव्हे, आठांची यादी हवी, कारण पाचनंतरही शूटआउट चालू राहू शकते. प्रत्येकाला एकट्याला विचारावे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू नये, नाहीतर पुढच्या वेळी घाबरलेलाही ‘हो’ म्हणेल. चेंडू कोणत्या कोपऱ्यात मारायचा हे आदल्या रात्रीपर्यंत ठरलेले असावे. सराव दमलेल्या पायांनी, सत्राच्या शेवटी, आणि मध्यवर्तुळापासून पेनल्टीच्या जागेपर्यंतचे ४० मीटर एकट्याने चालत जाऊन करावा. ११ मीटरवरून चेंडू मारणे सगळ्यांना येते, ते चालणे अंगावर येते. आणि ज्याची हुकेल त्याला घ्यायला कोणते दोघे पुढे जाणार, हेही ठरलेले असावे.

पराभवानंतरचे पहिले बोलणे दोन-तीन मिनिटांचे असावे: कोणाला लागले आहे का, पुन्हा कधी भेटायचे. एवढेच. त्या वेळी केलेले विश्लेषण प्रशिक्षकाच्या रागाचे असते, खेळाचे नसते. चुकांची उजळणी एक-दोन दिवसांनी, चार छोट्या चित्रफिती दाखवून, त्यातल्या दोन चांगल्या. लोकांसमोर झाकलेली चूक खोलीत उघडी झालीच पाहिजे. लोकांसमोरही झाकायचे आणि आतही बोलायचे नाही, याला पाठबळ म्हणत नाहीत. बाकीचे वीस जण ते पक्षपात म्हणून मनात नोंदवतात.

इथून आपण निष्ठेकडे येतो. निष्ठा मागून मिळत नाही, आणि जो प्रशिक्षक ती मागतो त्याला तिचे सोंग मिळते. सोंग ओळखायला सोपे आहे. बैठकीत कुणी विरोध करत नाही, दोघे-तिघे इतरांच्या बातम्या आणून देतात, दुखणारा गुडघा लपवून खेळाडू सामन्याला उभे राहतात. खऱ्या निष्ठेत याच्या उलट घडते. ८५ व्या मिनिटाला ०–२ ने मागे असतानाही विंगर आपल्या बचावपटूसाठी ५० मीटर मागे धावतो. पोटरी ओढली गेल्याचे खेळाडू स्वतःहून सांगतो. एखादा म्हणतो, ‘सर, बचावफळी इतकी पुढे ठेवून खेळलो तर आमच्या मागची जागा उघडी पडते आहे, आम्हाला पटत नाही.’ असे म्हणणाऱ्याला पुढच्या सामन्यात बाहेर बसवले, तर त्या संघात पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. नियम सर्वांना सारखा हवा. सरावाला दहा मिनिटे उशिरा येणारा राखीव खेळाडू बाहेर बसतो आणि मुख्य स्ट्रायकर खेळतो, हे एकदा घडले की दोन वर्षांची मेहनत एका दुपारी वाहून जाते.

१९९५ च्या जानेवारीत मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँटोनाने प्रेक्षकाला लाथ मारली आणि सप्टेंबरअखेरपर्यंत त्याच्यावर बंदी आली. तो इंग्लंड सोडण्याच्या बेतात असताना त्याचे प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसन त्याला भेटायला पॅरिसला गेले आणि त्याचे मन वळवले. शिक्षा चुकीची होती असे नव्हे, ती त्याने पूर्ण भोगली. १ ऑक्टोबरला तो लिव्हरपूलविरुद्ध परतला, त्याच दिवशी पेनल्टीवर गोल केला, आणि त्या हंगामात मँचेस्टर युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. एफए कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचाच. याच फर्ग्युसननी १९९८ च्या विश्वचषकातल्या रेड कार्डानंतर सगळा देश उलटलेल्या, आपल्याच क्लबच्या बेकहॅमला सांभाळले, आणि २००३ मध्ये त्यालाच क्लबबाहेर जाऊ दिले. यात विसंगती नाही. पाठबळ म्हणजे आजन्म करार नव्हे. २०१८ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा गोलरक्षक लोरिस कॅरियसच्या हातून दोन ठळक चुका झाल्या. प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी त्याला जाहीरपणे दोष दिला नाही, नंतर तपासणीत त्याला डोक्याला मार लागल्याचेही पुढे आले, आणि तरीही त्याच उन्हाळ्यात क्लबने दुसरा गोलरक्षक घेतला. माणूस म्हणून सांभाळणे आणि जागा दुसऱ्याला देणे ही दोन्ही कामे एकाच प्रशिक्षकाला करावी लागतात.

डोक्याच्या मारावरून आणखी एक. ‘खेळशील का?’ हा प्रश्न दुखापत झालेल्याला कधीही विचारू नये. उत्तर नेहमी ‘हो’ असते. डोक्याला मार लागला असेल तर निर्णय डॉक्टरांचा, आणि शंका असेल तर खेळाडू बाहेर. गुडघ्याचा लिगामेंट तुटून नऊ-नऊ महिने बाहेर असलेल्याला दर आठवड्याला एक फोन, संघाच्या बैठकीत त्याची खुर्ची आणि एखादे खरे काम द्यावे, उदाहरणार्थ प्रतिस्पर्ध्याच्या कॉर्नर किकची टिपणे. ‘कधी येतोस?’ हे मात्र विचारू नये. प्रेमाने विचारले तरी तो तगादाच होतो, आणि त्यापायी खेळाडू लवकर परततात आणि तोच गुडघा पुन्हा मोडून घेतात. या महिन्यांत प्रशिक्षक कसा वागला हे बाकीचे सगळे पाहत असतात, कारण पुढची पाळी त्यांच्यापैकी कुणाचीही असू शकते.

शेवटी आपल्या क्रीडा विभागाला दोन विनंत्या. सामन्यानंतर प्रशिक्षकाला ‘पराभवाला जबाबदार कोण?’ असे विचारण्याऐवजी ‘तो बदल त्या मिनिटाला का केला?’ असे विचारावे. उत्तर छापण्याजोगे मिळेल आणि दोष कुणा खेळाडूवर ढकलायची वाट आपोआप बंद होईल. दुसरी विनंती अधिक कळकळीची. शालेय आणि १८ वर्षांखालील सामन्यांच्या वृत्तांतात स्वयंगोल करणाऱ्या किंवा पेनल्टी हुकवणाऱ्या मुलाचे नाव छापू नये, मथळ्यात तर नाहीच. ‘एक पेनल्टी हुकली’ एवढे पुरते. सोमवारी तो मुलगा सरावाला येतो तेव्हा त्याच्या दप्तरात ते कात्रण असते, आणि प्रशिक्षकाला आपले काम तिथून सुरू करावे लागते.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
फुटबॉल शिकवणारे काही प्रशिक्षक